जमिनीवर म्हणजे काय

दुपारपासून एकच वाक्य घेऊन बसलेय:
विमान जमिनीवर असताना
चाकं आत घेतली जाऊ नयेत.

कुणालाही पटेल असं.
बाहेर चव्वेचाळीस अंश, पूर्व भागात वीज येऊन-जाऊन,
इन्व्हर्टर कण्हतोय,
आणि मी खिडकीला ओली चादर बांधून
या वाक्यातल्या 'असताना'शी भांडतेय.

असताना म्हणजे कधी?
टेकलं त्या क्षणी, की टेकून राहिलं तेव्हा?
जमिनीवर म्हणजे किती चाकं?
आणि हे ठरवणार कोण?
चाकाच्या दांड्यातला तो अंगठ्याएवढा सेन्सर,
वजन पडलं की हो म्हणणारा,
वजन उठलं की लगेच नाही.

'नयेत' तर आमच्यात चालतच नाही.
नये म्हणजे आईची ताकीद:
तिन्हीसांजेला झोपू नये.
माणसं झोपतात तरी.
यंत्रासाठी चिन्हं लागतात.
'नेहमी'ला एक चौकोन,
'कधीतरी'ला शंकरपाळ्यासारखा कलता चौकोन,
आणि मराठीत जोडीशिवाय घराबाहेर न पडणारे
जोपर्यंत-तोपर्यंत
इथे एका अक्षरात भागवतात.

साडेतीनला लिहून झालं. तपासायला सोडलं.
आमचा तपासनीस नमुना काढून बघत नाही,
शक्य असेल ते सगळं बघतो.
एक कोटी बारा लाख अवस्था,
रात्रीच्या, पावसातल्या, घाबरलेल्या हातांच्या,
कधीही न घडणाऱ्यासुद्धा.

चहा गाळेपर्यंत उत्तर आलं होतं.
सतरा पायऱ्या.
विमान टेकतं. जरा उसळतं.
वैमानिकाचा हात, परत उडायचं म्हणून, खटक्यावर आधीच.
उसळीत सेन्सर म्हणतो, नाही, जमिनीवर नाही.
ऐंशी मिलिसेकंद.
तेवढ्यात चाकं आत निघतात
आणि विमान खाली येतं.

सतराही पायऱ्या मी बोटानं वाचल्या.
कुठेही कुणी चुकलं नव्हतं.

नान्ना शेंगा सोलत होते.
एकतीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली त्यांनी,
भोक म्हणजे धागा वर, भोक नाही म्हणजे खाली.
मी सांगितलं, तर म्हणाले,
यल्लप्पा वडनालच्या कारखान्यात एकदा
ऑर्डर आली, मोर समोर हवेत.
मी मोरासमोर मोर काढला.
गिऱ्हाइकाला हवे होते
पांघरणाऱ्याच्या समोर.
दोनशे चादरी परत.
मालक एवढंच म्हणाला, तोंडी घेतलं होतंस?
त्यानंतर चौकटीच्या कागदावर मोर काढून
खाली सही घेतल्याशिवाय
एक भोक पाडलं नाही.

आणि सही करणाऱ्यानंच चुकीचा मोर बघितला तर?
मी विचारलं.
ते हसले, टरफलं फुंकली.
मग मोर चुकीचा, पण चादर बरोबर.

मी वाक्य मोडलं, पुन्हा बांधलं.
दोन्ही मुख्य चाकांवरचं वजन
सलग दोन सेकंद नसेल
तोपर्यंत
खटका कुठेही असो, चाकं बाहेर.
इनामदारला फोन केला, त्यानं तिकडून वाचून दाखवलं,
मोठ्यानं, दोनदा, तलाठ्यासारखं.
परत सोडलं.
या वेळी तपासनीस बराच वेळ गप्प
आणि शेवटी एकच ओळ: प्रतिउदाहरण सापडलं नाही.

होटगी रोडकडे जाणारं संध्याकाळचं विमान
आमच्या गच्चीवरून खाली सरकत होतं,
चाकं काढलेली.
त्यात हे नाही बसवलेलं, मला माहीत आहे,
ते दुसऱ्याच कुणाच्या वाक्यावर उतरतंय.
तरी ते दिसेनासं होईपर्यंत मी उभी राहिले.

झालं का? नान्नांनी विचारलं.
जेवढं लिहिलं, तेवढं झालं.
त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले,
आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
ते दोन सेकंद.
कुणाच्या घड्याळाचे?

मी फाइल परत उघडली.
वरपासून खालपर्यंत शोधलं.
घड्याळ हा शब्द
मी कुठेच लिहिलेला नव्हता.